भयग्रस्त श्वानाची शुश्रूषा

अनंत चतुर्दशीस पुण्याच्या मंडईतील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापासून निघालेली गणेशविसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे सरकू लागली, आणि ढोलताशांचा निनाद पेठांतील भिंतींवर आदळू लागला, म्हणजे तेथील घरांतला पाळीव कुत्रा पुष्कळदा पलंगाखाली थरथरत बसलेला आढळतो. मनुष्याची श्रवणमर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ, तर श्वानाची सुमारे ४५,००० हर्ट्झ असल्याने, आपणांस अगम्य असलेले अतिउच्च स्वरही त्याच्या कानी पडतात.

अशा जीवास दटावणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. भीतीपोटी गुरगुरणारा कुत्रा उर्मट नव्हे, पीडित असतो. त्याला जवळ घेतल्याने भीती बळावते, हा समजही निराधार आहे. प्रथम पशुवैद्याकडून सांधे, दात व कान यांची तपासणी करवावी, कारण चिडखोरपणाच्या मुळाशी कित्येकदा शारीरिक वेदना असते. मग उत्सवाच्या दोनतीन महिने आधीपासून ढोलांचे ध्वनिमुद्रण अगदी मंद आवाजात ऐकवून लगोलग आवडता खाऊ द्यावा, आणि तो निश्चिंत असेल तरच आवाज किंचित चढवावा; रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी श्वानांवरील प्रयोगांतून उलगडलेले साहचर्याचे तत्त्वच येथे उपचाररूप धारण करते. यास नियमित दिनक्रमाची, पहाटे मनसोक्त हुंगत हिंडण्याची आणि दारे-खिडक्या बंद केलेल्या आतल्या खोलीची जोड हवी. औषध लागल्यास ते पशुवैद्याच्याच सल्ल्याने द्यावे, घरातील माणसांच्या गोळ्या कदापि देऊ नयेत. आणि घाबरून पळालेला कुत्रा परत मिळावा म्हणून मालकाचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला त्याच्या पट्ट्यास आधीच अडकवावा.