परवलीचा शब्द आणि कोऱ्या कागदावरची सही

(अकादमीच्या वार्षिक परिसंवादात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



भाषेच्या व्यासपीठावर संगणक-सुरक्षेचा विषय घेऊन मी उभा आहे, त्याचे कारण साधे आहे. मी मराठीचा शिक्षक. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेचे प्रशिक्षण वर्ग होतात, त्यांत गेली काही वर्षे मला भाषेच्या कामासाठी बोलावतात. सुरुवातीला फक्त स्लाइडवरचा मजकूर मराठीत पाहून द्यायचा होता. पुढे मी वर्गात मागच्या बाकावर बसू लागलो आणि नंतर अर्धा तास बोलूही लागलो. पंचायत सचिव, मामलेदार कार्यालयातले कारकून, आरोग्य केंद्रात नोंदी भरणाऱ्या मुली, शाळांतले लिपिक या वर्गांना येतात. आपल्या गोव्यात १९१ पंचायती आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, रहिवासी दाखले हे सगळे या माणसांच्या हातांखालून संगणकात जाते. त्यांना काय कळते आणि काय कळत नाही, हा म्हणून तुमच्या-माझ्या घरचा प्रश्न आहे.

माझ्या हाती पहिल्यांदा आलेल्या मजकुराचे भाषांतर आधीच कुणीतरी केले होते. त्यात एक वाक्य होते: ‘संशयास्पद दुव्यावर टिचकी मारू नका.’ वर्गात हे वाक्य पडद्यावर आले आणि एक वयस्क शिपाई शेजाऱ्याला म्हणाले, “दुवा तर फकीर देतो.” सगळे हसले. प्रशिक्षकांनी मग तेच इंग्रजीत सांगितले आणि पुढची स्लाइड लावली. हसण्यावारी गेले ते वाक्य खरे तर त्या दिवसाचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते.

याहून गंमत ‘परवलीचा शब्द’ या शब्दाची. पासवर्डला आपण हा प्रतिशब्द दिला, तो पहाऱ्याच्या जगातून. अंधारात चौकीदाराने हटकले की आपल्या गोटातला माणूस ठरलेला शब्द उच्चारतो आणि आत जातो. म्हणजे तो शब्द गोटातल्या सगळ्यांना ठाऊक असतो आणि विचारणाऱ्याला तो सांगायचाच असतो. आजच्या वापरात तर तो आणखी पुढे गेला आहे. ‘विकास हा सध्या परवलीचा शब्द झाला आहे’ असे आपण लिहितो, तेव्हा जो तो उच्चारतो असा शब्द एवढाच त्याचा अर्थ उरतो. आणि कर्मचाऱ्याला आपण सांगतो, तुमचा परवलीचा शब्द कुणालाही सांगू नका! शब्द एकीकडे ओढतो, सूचना दुसरीकडे. माझे मत विचाराल तर ‘पासवर्ड’च ठेवावा. तो पंचायतीतल्या शिपायालाही कळतो. अडते ते पुढे. पासवर्ड आपला एकट्याचा असतो म्हणजे काय, हे समजावणारे मराठी आपल्याला हवे आहे.

ते मराठी मला एका वर्गातच सापडले. ओटीपीविषयी बोलणे चालले होते. एक सचिवबाई म्हणाल्या, “म्हणजे सर, कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेच की!” सगळ्या वर्गाला ते एकदम पटले. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे त्यांच्यापैकी प्रत्येकाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी वडीलधाऱ्याने सांगितलेले असते. इतक्या वर्षांचे शहाणपण त्या चार शब्दांत तयार होते, आणि आम्ही मात्र ‘बहुघटकीय प्रमाणीकरण’ असे काहीतरी घेऊन उभे होतो.

आता जरा अवघड गोष्ट. अनेक कार्यालयांत साहेबांच्या डिजिटल सहीचे डोंगल कारकुनाच्या खणात असते आणि त्याचा पिन कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असतो. दिवसाला पन्नास दाखले काढायचे, साहेब बैठकीला गेलेले, बाहेर लोक ताटकळत उभे, मग करणार काय? पूर्वी रबरी शिक्का असाच खणात असायचा. पण शिक्क्याखाली शाईची सही लागत असे. डोंगलमध्ये शिक्का आणि सही एकच झाले आहेत, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने त्या सहीला हाताच्या सहीचे बळ दिले आहे. वर्गात मी ‘शिक्कामोर्तब’ या शब्दाची आठवण देतो. शिवकालीन कागदांत शिक्का उमटे माथ्यावर, आणि मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब, म्हणजे त्याखाली कुणाला एक ओळही वाढवता येऊ नये. कागद कुणाचा आणि त्यात नंतर काही घुसडले का, या दोन्ही शंकांची सोय त्या काळच्या दफ्तराने केली होती. डिजिटल सही याहून वेगळे काही करत नाही. हे एकदा सांगितले की डोंगल खणात का ठेवू नये, यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. साहेबांना मात्र द्यावे लागते, आणि साहेब या वर्गांना क्वचितच येतात.

साहेबांचा विषय निघालाच आहे. गेल्या काही वर्षांत सरकारी कार्यालयांत एक फसवणूक वारंवार दिसते. व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकावरून निरोप येतो, फोटो वरिष्ठ अधिकाऱ्याचा. ‘मी बैठकीत आहे, फोन करू नकोस, तातडीने गिफ्ट कार्डे घेऊन त्यांचे कोड पाठव.’ यात संगणकाचे कौशल्य जवळजवळ काहीच नाही. कौशल्य आहे ते आपल्या कार्यालयांची भाषा ओळखण्याचे. साहेब एकेरीत बोलतात, कारण सांगत नाहीत, आणि त्यांना उलट विचारायचे नसते, हे त्या भामट्याला पक्के ठाऊक आहे. वर्गात मी विचारले, की अशा वेळी साहेबांना फोन का करत नाही? उत्तर कोकणीत आले: “सायबाक कशें विचारप?”

या प्रश्नाला स्लाइडवर उत्तर नव्हते. ‘प्रेषकाची ओळख पडताळा’ असे तिथे लिहिले होते. पडताळा म्हणजे तोंडाने नेमके काय म्हणा? मग आम्ही वर्गातच वाक्ये तयार केली. ‘साहेब, निरोप मिळाला, खात्रीसाठी तुमच्या नेहमीच्या नंबरावर फोन करतो.’ दुसरे त्याहून सोपे: ‘साहेब, जावक क्रमांक मिळेल का?’ आवक-जावक नोंदवही ज्याने सांभाळली आहे, त्याला हे विचारणे अवघड जात नाही. खऱ्या पत्राला क्रमांक असतो, भामट्याच्या निरोपाला नसतो. ही वाक्ये लोकांनी मोठ्याने म्हणून पाहिली. दोघातिघांनी साहेबांची भूमिका केली आणि आवाज चढवला. त्या वीस मिनिटांत जे घडले, ते दिवसभराच्या स्लाइडांनी घडले नव्हते.

‘डिजिटल अरेस्ट’ची गोष्टही अशीच. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. तरी शिकलेली, निवृत्त, सरकारी नोकरी केलेली माणसे फोनसमोर तासन्‌तास बसून राहिली आणि आयुष्याची पुंजी देऊन बसली. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये यावर बोलावे लागले. मला वाटते, त्या इंग्रजी नावातच निम्मा दरारा आहे. ‘तुम्हाला फोनवरून अटक केली आहे’ असे मराठीत म्हणून पाहा. हसू येते ना? हसू आले की माणूस सुटला.

हे झाले पैशांचे. कार्यालयाच्या कागदपत्रांचे काय होते, ते २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये दिसले. पाच सर्व्हरांवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. रॅन्समवेअर हा शब्द कळायला कठीण, पण खंडणी आणि ओलीस हे शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहेत.

एका छोट्या कार्यालयातली गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. कंत्राटी नोकरीवरच्या एका मुलीने शुक्रवारी संध्याकाळी मेलमधली एक फाइल उघडली. थकीत बिलाची आहे असे त्यात लिहिले होते. संगणक विचित्र वागू लागला. तिने तो बंद केला आणि ती घरी गेली. सोमवारी एकही फाइल उघडेना. लोकांचे अर्ज, जोडलेले दाखले, सगळे गेले. नंतरच्या वर्गात ती माझ्या समोर बसली होती. म्हणाली, “सर, स्लाइडवर होते, इन्सिडेंट झाल्यास रिपोर्ट करा. इन्सिडेंट म्हणजे मारामारी, अपघात असे काहीतरी वाटले. आणि सांगितले असते तर नोकरी गेली असती.” तिची दोन्ही वाक्ये नीट ऐकायला हवीत. पहिले आपल्या कामाचे आहे. दुसरे कार्यालयाच्या प्रमुखांचे आहे, आणि ते जास्त महत्त्वाचे आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशा घटनेची खबर सहा तासांत द्यायची असते. ज्या कार्यालयात पहिली प्रतिक्रिया मेमो ही असते, तिथे सहा तासांत कोण तोंड उघडेल? पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी ते बँकेत अडवता येण्याची शक्यता जास्त. भीतीने गप्प बसलेला एक तास भामट्याच्या खात्यात जमा होतो.

मराठीचे शिक्षक इथे पुष्कळ आहेत, म्हणून आणखी एक सांगतो. ‘अशुद्ध भाषा दिसली की समजा फसवा निरोप आहे’ असे अजून शिकवले जाते. ते दिवस गेले. यंत्राकडून आता स्वच्छ, ऱ्हस्व-दीर्घाची चूक नसलेले मराठी क्षणात लिहून मिळते. उलट आपली खरी परिपत्रके कशी असतात ते तुम्ही जाणता. शुद्धलेखनाच्या कसोटीवर सरकारच आधी पकडले जाईल. पाहायचे ते मागणीकडे: घाई कसली आहे, आणि कुणाला सांगू नको असे का म्हटले आहे? फिशिंगला आमच्या किनाऱ्यावर वेगळे समजावावे लागत नाही. मासा पाहून गरीला आमिष लावतात, हे इथे पोरालाही ठाऊक असते. सचिवाला थकबाकीचे बिल, शिक्षकाला वेतनवाढीची यादी.

कायद्याचीही एक विसंगती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ठेवला आहे. म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. मात्र ती माहिती सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण कोणत्या भाषेत व्हावे, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या शासकीय वापराची तरतूद आहे. तिच्यासाठी आपण मोर्चे काढले, लेख लिहिले. तो वापर नेमका कुठे व्हायला हवा असे कुणी विचारले, तर मी आधी या वर्गांकडे बोट दाखवीन.

आम्ही एक पान तयार केले आहे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कोकणी, एकूण बारा वाक्ये. सगळी तोंडाने म्हणता येतील अशी. त्यात एकही नवा पारिभाषिक शब्द नाही. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ‘काही विचित्र दिसले, किंवा हातून चुकले, तर लगेच या नंबरावर फोन करा.’ त्याखाली नाव आणि नंबर लिहायला रिकामी जागा आहे, ती प्रत्येक कार्यालयाने स्वतः भरायची. प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. सातवे आणि अकरावे वाक्य मला अजून पुस्तकी वाटते. ज्यांना अधिक सोपे सुचेल त्यांनी तिथेच पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुढचा वर्ग डिसेंबरात आहे, त्याच्या आधी पान पुन्हा छापायचे आहे.