इंटरनेटवरचे पत्रक आणि मालकांची नोटीस
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



आपली पत्रके पूर्वी गेटवर वाटली जात. आज ती इंटरनेटवरही जातात. त्यावर कंपनीचे बोधचिन्ह दिसले की मालकांच्या वकिलाची नोटीस येते : ट्रेडमार्कचा भंग झाला, भरपाई द्या. मग कार्यकर्ते घाबरतात आणि पत्रक काढून टाकतात. म्हणून कायदा काय आहे ते आपण समजून घेतले पाहिजे.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ हा गिऱ्हाइकाची फसवणूक थांबवण्यासाठी व दुसऱ्याच्या नावावर कुणी धंदा करू नये यासाठी आहे. कलम २९ व्यापारातील वापराबद्दल बोलते. आपण कंपनीच्या नावाने माल विकत नाही. तिच्या कारभाराबद्दल बोलतो.

२०१० साली ग्रीनपीसने ओडिशातील धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका आहे, असे सांगणारा एक खेळ इंटरनेटवर ठेवला. त्यात टाटांचे चिन्ह कासवाच्या शत्रूच्या रूपात होते. टाटा सन्सने दिल्ली उच्च न्यायालयात बदनामी व ट्रेडमार्कभंगाचा दावा लावून १० कोटी रुपये मागितले. २८ जानेवारी २०११ रोजी न्या. रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई नाकारली. टीकेचा विषय म्हणून चिन्ह वापरले, एवढ्यानेच ट्रेडमार्कचा भंग होत नाही. आणि माध्यम इंटरनेट आहे म्हणून बदनामीची कसोटीही बदलत नाही, असे त्यांनी म्हटले. हा आदेश अंतरिम होता, हे विसरू नये. पण टीका करणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे.

कॉपीराइटची गोष्ट वेगळी. १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ टीका व वृत्तांकनासाठी उचित वापरास मुभा देते. पण मोर्चाच्या चित्रफितीला सिनेमाचे गाणे जोडणे किंवा वृत्तपत्रातील छायाचित्र उचलणे त्यात बसेलच असे नाही. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. नफ्यासाठी केले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. गुन्हा मात्र राहतो.

मजकूर ज्यांच्या यंत्रणेवर ठेवला त्या कंपन्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ संरक्षण देते. मायस्पेस खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की नेमका कोणता मजकूर भंग करतो हे कळल्याशिवाय त्यांना जबाबदार धरता येत नाही. म्हणजे तक्रार आली की त्या आपला मजकूर काढून मोकळ्या होतात. कोर्टात उभे राहावे लागते ते आपल्याला.

तेव्हा चित्रे, गाणी आपल्याच साथींची वापरू. दुसऱ्याची हवी असतील तर लेखी परवानगी घेऊ. आकडे व आरोप पुराव्यानिशी मांडू. आणि नोटीस आलीच तर कुणीही एकट्याने माफीनामा लिहून देऊ नये. ती युनियनच्या कार्यालयात आणावी. उत्तर युनियन देईल.