बडोद्याचा पणतू आणि त्याची सिंफनी

बडोदे आपल्याला पाहुण्यांचे गाव. तिथेच १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली. त्यांचे नातू इनायत खाँ १९१० साली परदेशी गेले. इनायत खाँचे चिरंजीव हिदायत १९१७ साली लंडनला जन्मले, पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे रचना शिकले आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहू लागले. त्यांची ‘गांधी सिंफनी’ १९६९ची, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली.

यात पंचाईत अशी, की आपला राग तंबोऱ्याच्या एका षड्जावर उभा असतो. ऑर्केस्ट्रात सुराखालचा आधारच सारखा हलतो, मग तोच कोमल गंधार क्षणात वेगळा वाटतो. हिदायतजींनी सुरावट भारतीय वळणाची ठेवली आणि तिच्याखाली पाश्चात्त्य स्वरमेळ बसवला. बैठकीतली मोकळी मींड त्यात मिळत नाही. मला तिची उणीव भासते. पण लंडनला जन्मलेल्या माणसाने पणजोबांसारखेच गावे, असा हट्ट आपण सुरतेत राहून कोणत्या तोंडाने धरायचा? आपली मुले मराठी वाक्य गुजरातीत संपवतात!

आता त्या सिंफनीचा थोडा भाग लावतो. व्हायोलिनवर लक्ष ठेवा.