मातीखालचे इनामगाव

प्राचीन संस्कृती म्हटली, की इजिप्तचे पिरॅमिड किंवा मोहेंजोदडोचे स्नानकुंड डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव येथेही सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे एक गाव मातीखाली निजलेले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी आदी संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले.

तेथे ना राजवाडा निघाला, ना शिलालेख. निघाली ती मातीची घरे, चुली, रंगीत खापरे आणि जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे. खरे पाहता हे काळे दाणे सोन्याच्या मोहरांहून मोलाचे! येथील शेतकरी मुख्यत्वे जव पिकवीत, हे त्यांवरूनच उमगले. पावसाचा भरवसा नसलेल्या या प्रदेशात त्यांनी बांध घालून पुराचे पाणी पाटाने वळविले होते. महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांचा इतिहास सांगताना या पाटाचे स्मरण प्रथम व्हावयास हवे.

एका घरात जमिनीखाली पुरलेली मातीची झाकणबंद पेटी सापडली. तिच्यात एक शिरविहीन स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. ही मूर्ती काडीच्या आधाराने बैलाच्या पाठीवर बसविता येई.

या लोकांच्या चालीरीती तर अधिकच विलक्षण. मृतांना घरातच पुरीत आणि प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडीत. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागील हेतू असावा, असा तर्क केला जातो. तान्ह्या बालकांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवीत. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र चार पायांचा, कच्च्या मातीचा रांजण निघाला. त्यात सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष बसविलेला होता आणि त्याचे पाय शाबूत होते! तो गावाचा प्रमुख असावा.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, असे अभ्यासकांचे मत आहे. ऐसपैस चौकोनी घरे गेली, त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती रोडावली. हरणांची हाडे वाढलेली दिसतात, म्हणजे पोटासाठी शिकारीचा आधार घ्यावा लागला. तरीही माणसे आणखी सुमारे तीनशे वर्षे तग धरून राहिली. अखेर इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास ही वस्ती उठली.