पान पिवळं, पण दोष बशीचा

आजचा भाग कोडिंगचा नाही, कुंडीचा आहे. मी बीटेक, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, शेतीची डिग्री वगैरे काही नाही. पण आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या मला 'झाडांचा डॉक्टर' म्हणतात. त्याचं कारण आधी सांगतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळी. त्यातल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये, चाळीस मजली इमारतीत! बातम्यांत लिफ्ट दिसली, नवं किचन दिसलं. सामानाबरोबर तेलाच्या डब्यातली तुळस, कढीपत्ता, मनीप्लांटही वर आले, ते कुणाला दिसलं नाही. आणि मग ती झाडं माना टाकायला लागली. लोक म्हणायला लागले, "वास्तू मानवत नाही", "कुणाची तरी नजर लागली."

आता आमच्या कामात बग आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. कालपर्यंत चालत होतं ना? मग मधे काय बदललं? झाडाच्या बाबतीतही औषधाची बाटली उघडण्याआधी हेच विचारायचं.

चाळीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींची तुळस घ्या. दरवर्षी मंजिरीचं बी पेरून त्यांनी तोच वंश कित्येक वर्षं चालवलाय. नव्या घरात खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, शेंडा मलूल झाला. शेंडा मलूल दिसला की आपण काय करतो? अजून पाणी घालतो. मी मातीत दोन पेरं बोट घातलं, तर आत चिखल. पाणी कमी पडलं की माती कोरडी आणि पान कुरकुरीत होतं. पाणी जास्त झालं की माती ओली, पान पिवळं आणि मऊ. दोन्हीत झाड मलूलच दिसतं, म्हणून बोट घातल्याशिवाय निदान करायचं नाही.

आजी म्हणाल्या, "अरे, मी तर पूर्वीसारखाच रोज एक तांब्या घालते." खरं होतं. तांब्या तोच होता, बदलली होती खालची बाजू. चाळीत डब्याला खिळ्याने भोकं पाडलेली, जास्तीचं पाणी खिडकीतून खाली (आणि खालून शिव्या वर!). टॉवरमध्ये खालच्यांच्या कपड्यांवर ठिबकू नये म्हणून कुंडीखाली बशी आली. ती बशी कायम भरलेली. मुळांनाही हवा लागते. सतत पाण्यात राहिली की ती गुदमरून कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. वर त्याच बशीत डेंग्यूचे डास अंडी घालतात, ते वेगळंच.

आम्ही रोप उपसलं. पांढरी, टणक मुळं चांगली. तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी असतील ती कापून टाकायची. मग माती, गांडूळखत आणि थोडी जाडी वाळू असं मिश्रण भरून रोप आठवडाभर सावलीत. शिवाय विमा म्हणून मंजिरी नसलेल्या चार काड्या कापून पाण्यात ठेवल्या. तुळशीला अशी मुळं फुटतात, फक्त पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. राहिला रोजचा तांब्या. तो बंद करा, असं आजींना सांगायची माझी हिंमत नाही. देवघरातली पळी वापरायची असं ठरलं. रोज पळीभर पाणी, आणि पुरतं पाणी बोटाला माती कोरडी लागेल तेव्हाच. बशीत साचलेलं लगेच ओतून टाकायचं.

दुसरा बदल उन्हाचा आणि वाऱ्याचा. चाळीच्या अर्धवट उजेडात वाढलेलं झाड एकदम पश्चिमेच्या उन्हात ठेवलं, तर उन्हाकडच्याच पानांवर पांढरट, कागदासारखे डाग पडतात. हा रोग नाही, भाजणं आहे. दहा-पंधरा दिवस हळूहळू ऊन वाढवत न्या. वरच्या मजल्यांवर वारा जोरात, त्यामुळे छोट्या कुंड्या भरभर सुकतात. म्हणजे एकाच घरात बशीतली तुळस बुडते आणि ग्रिलमधली मिरची सुकते. दोघींना एकच वेळापत्रक लावू नका.

खऱ्या किडीही असतातच. जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं पांढरं चिकटलं असेल तर तो पिठ्या ढेकूण. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी तिकडे बघा, त्याच्या गोड चिकट द्रवासाठी त्या येतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर करून बघा. आठवड्याच्या अंतराने तीनदा, कारण एका फवारणीत सगळी पिढी मरत नाही. मिरचीची पानं चुरडली असतील तर पान उलटं करा. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी सगळी मागच्या बाजूला लपतात.

पिवळेपणाची एक सोपी खूण. जुनी, खालची पानं पिवळी आणि माती ठीक असेल तर बहुधा नत्र कमी. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर बहुधा लोह. आणि थंडीत कढीपत्त्याने पानं टाकली तर घाबरू नका, खत-पाणी कमी करा, उन्हाळा लागला की फुटतो.

फोटोवरून रोग ओळखणारी अ‍ॅप्स मीही वापरतो. किडीचं नाव शोधायला बरी आहेत. पण त्यांना पान दिसतं, बशी दिसत नाही. म्हणून मला फोटो पाठवाल तेव्हा तीन पाठवा: पानाची मागची बाजू, मातीचा वरचा थर आणि कुंडीचा तळ. सोबत एक ओळ लिहा, गेल्या महिन्यात काय बदललं. पुढच्या भागात मोगऱ्याला फुलं का येत नाहीत ते बघू.