परक्या घरची भाषा

मोझरीस आमचें घर गुरुकुंजाच्या वाटेवर आहे. दरवर्षीं पुण्यतिथीच्या दिवसांत मध्यप्रदेशांतील पाहुणे आमच्या ओसरीवर मुक्काम करीत, आणि त्यांच्या मुलांशीं विटीदांडूवरून भांडतां भांडतां मला हिंदी येऊं लागली. ती कोणीं शिकविली, हें मला आजतागायत सांगतां येत नाहीं. पुढें स्पॅनिश शिकण्याचा प्रसंग आला तेव्हां मात्र व्याकरण, कोश, क्रियापदांचे तक्ते असा सारा सरंजाम जमवून मीं अमरावतीस सहा महिने घोकंपट्टी केली. मेक्सिकोंत पाऊल ठेवल्यावर पहिल्या दुपारींच तो सरंजाम लंगडा पडला. माणसें तक्त्याप्रमाणें बोलत नाहींत, आणि फार भरभर बोलतात!

मी उतरलों तें घर तेश्कोको गांवीं होतें. शेजारींच चापिंगोचें कृषिविद्यापीठ आहे, आणि माझें तेथें जाण्याचें निमित्त आपल्याकडीलच एका गृहस्थांचें होतें. वर्ध्यास जन्मलेले डॉ. पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळींतील क्रांतिकारक. इंग्रजी अमलामुळें मायदेश त्यांना बंद झाला, आणि १९२४ सालीं ते मेक्सिकोस गेले. चापिंगोच्या शेतकी शाळेंत त्यांनीं अध्यापन केलें, मक्याच्या वाणांवर संशोधन केलें, शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा काढल्या. आणि हें सर्व स्पॅनिश भाषेंतून. मेक्सिको शहरांत शिक्षणखात्याच्या इमारतींत दिएगो रिवेरा यांनीं काढलेलीं भित्तिचित्रें आहेत. त्यांतील एका चित्रांत मेजाशीं बसून भाकरी मोडणारा पुरुष आहे, तो खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे. वयाच्या चाळिशींत परकी भाषा उचलून तींत शिकवूं लागणें म्हणजे काय, हें तेश्कोकोच्या त्या घरांत मला रोज थोडें थोडें कळत गेलें.

घरांत एक वृद्ध आजी, त्यांची मुलगी, जांवई व दोन नातवंडें. सगळे आजींना ‘अबुएलिता’ म्हणत, मीही तेंच म्हणूं लागलों. इंग्रजी कोणासच येत नव्हतें, हें माझें भाग्य. मका चुन्याच्या पाण्यांत उकडून, वाटून आजी त्याच्या पातळ भाकऱ्या भाजीत. तव्याला तेथें ‘कोमाल’ म्हणतात. त्या चुलीपाशीं बसून मीं जेवढे शब्द मिळविले, तेवढे पुस्तकांतून मिळाले नसते. कोणी हांक मारली कीं तेथलीं मुलें ‘मांदे?’ म्हणतात. आमच्या वऱ्हाडांतलें ‘काय जी?’ तें हेंच, असें माझ्या मनानें तत्काळ ठरविलें, आणि तो शब्द पुन्हां घोकावा लागला नाहीं.

मराठी माणसास या भाषेंत कांहीं गोष्टी आयत्याच मिळतात. आपले दंत्य त आणि द तेथें जसेच्या तसे चालतात. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांतील अंतर आपणांस समजावून द्यावें लागत नाहीं. ‘मला आंबा आवडतो’ हें वाक्य इंग्रजींत नेतांना आपण त्याची उलटापालट करतों. स्पॅनिशमध्यें ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणतांना आंबाच कर्ता राहतो आणि आपण चतुर्थींत स्वस्थ बसतों. मेज तर मेसा म्हणून ओळखीचें निघालें.

पण फजिती चुकली नाहीं. ‘कान्सादो’ म्हणजे थकलेला, ‘कासादो’ म्हणजे विवाहित. पंधरा दिवस रोज रात्रीं जेवण झाल्यावर मी अत्यंत नम्रपणें सांगत होतों कीं मी विवाहित आहें, आणि निजावयास जात होतों. सोळाव्या दिवशीं आजींनीं सूनबाईंचें नांव विचारलें, तेव्हां उलगडा झाला.

खरा खोडा ‘असणें’ या क्रियापदाचा. त्याला तेथें दोन क्रियापदें: एक ‘सेर’, दुसरें ‘एस्तार’. ढोबळ मानानें, स्वभावतः जें आहे त्याला पहिलें, आणि सध्यां जी स्थिति आहे तिला दुसरें. हा नियम मला पाठ होता. चवथ्या महिन्यांत मोझरीहून फोन आला कीं माझी आजी गेली. घरीं परत जाणें शक्य नव्हतें. स्वयंपाकघरांत येऊन मीं अबुएलितांना तें सांगितलें. मरण ही कायमचीच गोष्ट, म्हणून नियमाला धरून मीं ‘सेर’ योजलें: ‘मि अबुएला एस मुएर्ता.’ त्यांनीं भाकरी खालीं ठेवली, माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, ‘एस्ता.’ मेलेल्या माणसासाठींही तेथें एस्तारच वापरतात. मी गोंधळून पाहत राहिलों. माझी चूक दाखविल्याचें त्यांना वाईट वाटलें असावें. क्षणभरानें त्या म्हणाल्या, ‘से फुए.’ म्हणजे ‘गेली.’

तो शब्द मला भाषांतर करून घ्यावा लागला नाहीं. आमच्याकडेही तसेंच म्हणतात.

मग त्यांनीं विचारलें, तुझी आजी काय रांधीत असे? मीं ज्वारीच्या भाकरीचें सांगितलें, अंबाडीच्या भाजीचें सांगितलें. अंबाडीला शब्द नव्हता, तेव्हां हातांनीं पानें काढून दाखविलीं. ओसरीवरचे पाहुणे सांगितले, त्यांना तिनें वाढलेलीं पिठलें-भाकरीचीं ताटें सांगितलीं. तासभर मी बोलत होतों. त्यांत चुका किती झाल्या, तें अबुएलितांनीं सांगितलें नाहीं.