चाल कुणाची, गाणं कुणाचं?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या ठिकाणी विद्वान वक्ते येतात. या वर्षी समितीच्या मंडळींनी मला पकडलं. मी म्हटलं, अहो, माझं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं, मी काय भाषण करणार? सदाशिव पेठेत पेरू गेटाच्या पलीकडे एका छापखान्यात मी कंपोझिटर होतो. उभ्या उभ्या खिळे जुळवायचे, गॅली बांधायची, प्रूफ काढायचं. पुढे ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला आणि आमच्या खिळ्यांचं वजनावर भंगार झालं. पण त्या वर्षांत माझ्या बोटांखालून गाण्यांची पुस्तकं पुष्कळ गेली. म्हणून आज गाण्यांवरच बोलतो.

विषय साधा आहे. एखादं गाणं आपण आधी दुसऱ्याच्या गळ्यातून, कधी कधी दुसऱ्याच शब्दांत ऐकतो. ते आपलं होऊन जातं. आणि मग कधीतरी मूळ गाणं कानावर पडतं. त्या वेळी माणसाला काय वाटतं? आपल्या वस्त्यांमधून हा अनुभव घराघरात आहे, पण त्यावर कुणी बोलत नाही. बोलायला थोडा संकोच वाटतो. तो का वाटतो, त्यावरही बोलायचं आहे.

साधारण १९६० सालची गोष्ट. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत गायन पार्टी यायची. एक पेटी, एक ढोलकी, एक बुलबुलतरंग आणि मागे साथ ओढणारे दोघे-तिघे. बत्तीच्या उजेडात रात्र रात्र गाणी चालायची. त्यात एक गाणं महाडच्या चवदार तळ्याचं होतं आणि त्याची चाल बीनेची. पेटीवाला तो तुकडा असा काही वाजवायचा की पोरं फणा काढून डोलायला लागायची. आम्हाला ते सगळं पाठ होतं. ‘नागिन’ नावाचा सिनेमा आहे, तो १९५४ साली आला, त्याचं संगीत हेमंतकुमार यांचं, हे आम्हाला कोण सांगणार? सिनेमाला पैसे कुणाकडे होते?

पुढे तो सिनेमा पुन्हा लागला तेव्हा आळीतली सात-आठ पोरं मिळून थर्ड क्लासचं तिकीट काढून गेलो. पडद्यावर बीन सुरू झाली आणि आमच्यातला एक जण जागेवरच उभा राहिला. ओरडला, “अरे, हे तर आपल्या तळ्याचं गाणं!” पुढच्या बाकावरची माणसं वळून हसायला लागली. पण मी आजही सांगतो, त्या पोराच्या कानाला जे ऐकू आलं ते खरंच होतं. त्याच्या लेखी मूळ गाणं तळ्याचंच. सिनेमावाल्यांनी त्याच्यावर नायिका नाचवली, एवढंच.

आता गंमत पाहा. त्या सिनेमातली बीन ही बीन नव्हतीच. ती वाजवली कल्याणजी यांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले, आणि वाजवली क्लेव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या परदेशी वाद्यावर. म्हणजे गारुड्याच्या पुंगीची नक्कल विजेच्या वाद्याने केली आणि विजेच्या वाद्याची नक्कल आमच्या पेटीवाल्याने केली. मूळ कुणाचं म्हणायचं? रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या गारुड्याचं! त्याला मात्र कुणी काही विचारलं नाही.

आता संकोचाकडे येतो. छापखान्यात एक गिऱ्हाईक यायचे. सज्जन गृहस्थ, बोलायला गोड. एकदा आमच्याकडे भीमगीतांची एक पुस्तिका छापायला आलेली. सोळा पानी, वर पिवळं कव्हर. त्यांनी ती सहज चाळली आणि म्हणाले, “शब्द बरे आहेत हो, पण चाली सगळ्या उसन्या. सिनेमाच्या.” असं म्हणून बाजूला ठेवली. माझ्या हातात स्टिक होती, मी खिळे जुळवत राहिलो. पण काय योगायोग बघा! त्याच आठवड्यात माझ्यापुढच्या केसवर दुसरं काम चालू होतं, जुन्या संगीत नाटकांच्या पदांचं पुस्तक. आणि त्यातल्या पदापदाच्या डोक्यावर, बारीक टायपात, एक ओळ मला जुळवावी लागत होती : ‘चाल –’ आणि पुढे कुठल्या तरी दुसऱ्याच गाण्याचे पहिले शब्द. कुठे लावणी, कुठे कानडी पद, कुठे हिंदुस्थानी चीज, कुठे कीर्तनातली साकी-दिंडी.

मित्रहो, ज्या सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर आहे, टिळक स्मारक मंदिर आहे, जिथे नाट्यसंगीत म्हटलं की लोक ताठ बसतात, त्या नाट्यसंगीताचा पायाच असा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला याच पुण्यात, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव थिएटरात झालं. अण्णासाहेब मूळचे कर्नाटक सीमेकडचे, गुर्लहोसूरचे. लहानपणापासून कानावर पडलेल्या कानडी, मराठी चाली त्यांनी घेतल्या आणि त्यांवर पदं बांधली. पुढे १९११ साली ‘मानापमान’ आलं, तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-गझलांच्या चाली आणल्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. त्यातलं रुक्मिणीचं बिहाग रागातलं पद तर एका जुन्या ख्यालावरून उचललेलं आहे. महाराष्ट्रातल्या हजारो माणसांनी ते पद आधी ऐकलं आणि तो ख्याल एखाद्या मैफलीत नंतर. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बालगंधर्वांचं गाणं उसनं आहे. उलट ख्याल सुरू झाला की लोक कौतुकाने शेजाऱ्याला कोपराने ढोसतात, “अरे, हे तर आपलं स्वयंवरातलं!” आमचं पोरगं थिएटरात हेच ओरडलं होतं. त्याला हसले आणि याला रसिक म्हणाले.

भास्करबुवा मोठेच होते आणि ते पदही मोठंच आहे. मी त्यांना कमी लेखत नाही, मी स्वतः ते ऐकतो. माझं म्हणणं एवढंच की माप एकच लावा.

आणि माप लावायचं तर ते आपल्यालाही लावलं पाहिजे. चालीवर शब्द बसवले की गाणं झालं, असं नाही. मी जुळवलेल्या पुस्तिकांत अशी पुष्कळ गाणी होती की शब्द चालीत कोंबलेले. ओढून ताणून बाबासाहेबांचं नाव आणि त्याला यमक. अशी गाणी त्या जयंतीपुरती चालली आणि गेली. पण काही कवी असे की चाल प्रेमगीताची घेतील आणि तिच्यात चवदार तळं असं भरतील की पुढे मूळ प्रेमगीत ऐकलं तर तेच पोकळ वाटावं. परीक्षा इथेच होते. मूळ ऐकल्यावर आपल्याला “अच्छा, हे इथून घेतलं होय!” असं वाटलं तर कवी हरला. आणि “यात काहीतरी राहून गेलंय” असं वाटलं तर कवी जिंकला.

असे जिंकलेले सर्वांत मोठे म्हणजे आपले वामनदादा कर्डक. जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. शाळा नाही. मुंबईत मोठेपणी, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले. त्यांची पहिली रचना १९४३ सालची, आणि तीही एका हिंदी गाण्याचं विडंबन होती! तिथून सुरुवात करून हा माणूस २००४ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, लिहीत-गात गावोगाव फिरला. सिनेमाची चाल का घ्यायची? कारण ती चाल गावात आधीच पोहोचलेली असायची. चहाच्या हॉटेलातल्या रेडिओने ती फुकट शिकवून ठेवलेली. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या हातात पुस्तक नाही, त्याला नवे शब्द एका रात्रीत पाठ व्हायचे असतील तर चाल ओळखीची हवी. आंबेडकरी जलसावाल्यांनीही तेच केलं होतं. तमाशाचा साचा लोकांना माहीत होता, तो घेतला, आत विचार आपला घातला.

मग कॅसेटचा जमाना आला. इथे थोडं कायद्याचं सांगतो, कारण तरुणांना त्याची मौज वाटेल. १९८० नंतर गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने जुन्या सिनेमांची गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात बाजारात आणली. त्याला ‘व्हर्शन’ म्हणायचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सोय होती : मूळ रेकॉर्डिंगनंतर दोन वर्षं थांबायचं, नोटीस द्यायची, रॉयल्टी भरायची, की आपलं रेकॉर्डिंग काढता येतं. एका पिढीने रफीसाहेबांची गाणी आधी सोनू निगमच्या आवाजात ऐकली, ती अशी. २०१२ साली कायदा बदलला. आता पाच वर्षं थांबावं लागतं आणि वेष्टणावर स्पष्ट छापावं लागतं की हे मूळ नव्हे, ‘कव्हर’ आहे. अर्थात तिथे शब्दही तेच आणि चालही तीच, बदलतो फक्त गळा. आपला मामला वेगळा, आपल्याकडे चाल तीच आणि शब्द नवे. पण ते वेष्टणावर छापायचं कलम वाचलं तेव्हा मला माझी ती बारीक टायपातली ओळ आठवली. ‘चाल –’. कायद्याला जे २०१२ साली सुचलं ते आपले पुस्तिका छापणारे गरीब शाहीर आधीपासून करत आले होते. दादरला चैत्यभूमीवर, नागपूरला दीक्षाभूमीवर रस्त्यावर मांडलेल्या त्या पुस्तिका आठवा. गाण्याच्या वर चाल, कव्हरवर कवीचं नाव, मागे पत्ता. कुणाचं काही लपवलेलं नाही.

लपलं ते नंतर. चाल घेतल्याचं मला दुःख नाही, नाव गेल्याचं आहे. वामनदादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचे, संतांच्या अभंगांसारखं. कॅसेटवाल्याला वेळ कमी पडला की कापलं जायचं नेमकं शेवटचं कडवं. गाणं राहिलं, वामन गेला. ज्यांनी नाव गुंफलं नाही त्यांचं तर विचारूच नका. कव्हरवर गायकाचा फोटो मोठा आणि गीतकार ‘पारंपरिक’! अहो, माणूस नाशकात जिवंत बसलेला आणि गाणं पारंपरिक?

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ‘एकच प्याला’ घ्या, १९१९ चं. नाटक गडकऱ्यांचं, पण ते रंगभूमीवर येण्याआधीच गडकरी वारले. पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. चाली देण्यात मोठा हात सुंदराबाई जाधवांचा, आपल्या पुण्याच्याच लावणी-ठुमरी गाणाऱ्या. गायले बालगंधर्व. आज रस्त्यावर कुणालाही विचारा, दोन नावं सांगेल. गुर्जर नाहीत आणि सुंदराबाई तर नाहीतच. बाई आणि त्यातून बैठकीत गाणारी, तिचं नाव कोण मोठ्या टायपात छापणार? पण तिथे निदान अभ्यासक बसले, शोधून काढलं, पुस्तकं केली. म्हणून मी आज तिचं नाव घेऊ शकतो.

आता आपल्या पोरांचं बघा. माझा नातू जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर गाणं ऐकतो. त्याला वाटतं, गाणं आदर्श शिंदेंचं. त्याचा बाप म्हणतो, नाही रे, हे आनंद शिंदेंचं, आमच्याकडे कॅसेट होती. मी म्हणतो, अरे बाबांनो, ते प्रल्हाद शिंदेंनी गायलंय! आजोबा, मुलगा, नातू, तीन पिढ्यांचा गळा, आणि आमच्या घरातही तीन पिढ्यांचं भांडण. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर. सदाशिव पेठेतल्या घरांतही हेच चाललंय. २०१५ ला ‘कट्यार काळजात घुसली’ सिनेमा आला, पोरांनी गाणी त्यात प्रथम ऐकली आणि मग घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं की १९६७ च्या नाटकात वसंतराव देशपांडे ती गायचे, चाली अभिषेकीबुवांच्या. पोरांनी मोबाईलवर शोधली आणि दोन मिनिटांत वसंतराव सापडले. माझ्या नातवाने मला विचारलं, “आजोबा, ते तळ्याचं गाणं मोबाईलवर लावा ना.” आम्ही दोघांनी शोधलं. चाल सापडली, नागिन सापडली. तळ्याचं गाणं नाही सापडलं. ज्या पार्टीने ते गायलं तिने रेकॉर्ड काढली नव्हती, आणि कवीचं नाव त्या वेळी आम्ही पोरांनी कशाला विचारावं?

म्हणून समितीशी बोलून एक काम ठरवलं आहे. तुमच्या घरी पेटीत, माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत जुन्या पुस्तिका असतील. कव्हर फाटलेलं असलं तरी चालेल. हाताने लिहिलेल्या वह्या असतील. त्या रद्दीत घालू नका. ज्या आयाबायांना जुनी गाणी पाठ आहेत त्यांनी लाजू नये, शेवटच्या कडव्यासकट म्हणून दाखवावीत, आमची पोरं मोबाईलवर भरून घेतील. प्रत्येक गाण्याच्या वर आपण दोन ओळी लिहिणार आहोत : चाल कुठली आणि शब्द कुणाचे. चाल सिनेमाची असली तर सिनेमाचं आणि संगीतकाराचं नाव बिनदिक्कत लिहायचं. नाव माहीत नसेल तिथे जागा मोकळी सोडायची, ‘पारंपरिक’ लिहायचं नाही. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर मी इथेच मागच्या खोलीत बसतो. वही माझ्याकडे आहे, पेनही आहे.

जयभीम!